परदेशातून आलेला कापूस: सांगली-साताऱ्याच्या पूर्व भागात पहिल्यांदा लावताना

गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा मुलाच्या हाती देऊन गावी परतलेले, पुण्याची नोकरी सोडून वडिलांचं रान बघायला आलेले असे बरेच जण हल्ली आटपाडी, जत, खानापूर, माण, खटाव या तालुक्यांत भेटतात. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या उपसा योजनांचं पाणी जवळ आलेलं असतं, गाठीला थोडं भांडवल असतं, आणि द्राक्ष-डाळिंबाचा खर्च ऐकून छाती दडपलेली असते. मग कुणीतरी विचारतं, "कापूस लावला तर?"

लावा. पण पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांपेक्षा जास्त लावू नका, आणि बी आणण्याआधी हे झाड कुठून आलंय ते समजून घ्या. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कामाचं कारण त्याच्या मूळ घरात सापडतं. ज्यांनी ते समजून घेतलं नाही ते औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचून शेती करतात, आणि कापसाइतकं औषधाच्या नादी लावणारं पीक आपल्याकडे क्वचितच दुसरं असेल.

हे झाड कुठलं

आज दुकानात कापूस म्हणून जे बी मिळतं ते जवळजवळ सगळं अमेरिकन कापसाचं. शास्त्रीय नाव गॉसिपियम हिर्सुटम. त्याचं मूळ घर मेक्सिको आणि आसपासचा प्रदेश. युकातानच्या कोरड्या किनाऱ्यावर ते आजही रानटी रूपात उगवतं, आणि तिथे ते वर्षानुवर्षं जगणारं झुडूप असतं. हे नीट लक्षात ठेवा. आपण ज्याला सहा महिन्यांचं पीक म्हणतो ते मुळात बारमाही झुडूप आहे. थांबायचं कधी हे त्याला माहीत नसतं, ते आपल्याला ठरवावं लागतं.

आपला गावरान कापूस वेगळा. भारतात फार जुन्या काळापासून पिकणाऱ्या जाती दोन, गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेशियम. त्यांच्या पेशीत २६ गुणसूत्रं, अमेरिकन कापसात ५२. दुप्पट का, याची गोष्ट मला फार आवडते. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कापसाच्या कुळातला एक पूर्वज समुद्रापार अमेरिकेत पोचला, तिथल्या रानटी कापसाशी त्याचा संकर झाला आणि दोघांची गुणसूत्रं एकत्र आली. म्हणजे हा पाहुणा अगदीच परका नाही. त्याच्या निम्म्या अंगात आपल्याकडच्या कापसाचंच रक्त आहे. तरीही शेजारी-शेजारी लावले म्हणून देशी आणि अमेरिकन कापसाचं मिश्र बी तयार होईल ही भीती नको, कारण गुणसूत्रांचा मेळ बसत नाही.

कृष्णेच्या खालच्या अंगाला, म्हणजे सांगली-मिरजेपासून धारवाडपर्यंत, पूर्वी कुमठा कापूस असायचा. हर्बेशियमच्या कुळातला, आखूड धाग्याचा, काटक. कुमठ्याच्या बंदरातून बाहेर जायचा म्हणून ते नाव. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून कापूस लावणारी माणसं आणि बी आणवलं. देशभर बहुतेक ठिकाणी प्रयोग फसला. धारवाडकडे मात्र तो कापूस रुजला आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातूनच निवड करून गदग-१ आणि पुढे संकरातून लक्ष्मी हे वाण निघाले. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून संकर-४ आला, व्यापारी लागवडीसाठी निघालेला जगातला पहिला संकरित कापूस. १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आला. २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं, आणि देशी कापूस कोपऱ्यात गेला.

आधी ओळखायला शिका

दोन्ही झाडं एकदा हाताने बघा. देशी आर्बोरियमचं पान खोल चिरलेलं, बोटं अरुंद. बोंड लहान, टोकदार, खाली लोंबणारं, बहुधा तीन कप्प्यांचं. अमेरिकन कापसाचं पान रुंद, तीन ते पाच उथळ भागांचं, बोंड गोलसर आणि चार-पाच कप्प्यांचं. त्याचं फूल सकाळी साईच्या रंगाचं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. नवा माणूस ते गुलाबी फूल बघून रोग समजतो. तो रोग नव्हे, फूल म्हातारं झालंय एवढंच.

परसात किंवा देवळामागे वातींसाठी ठेवलेलं उंच झाड दिसतं, त्याला सरसकट देवकापूस म्हणतात. त्याचं बोंड उकलून बघा. एका कप्प्यातल्या सरक्या एकमेकींना घट्ट चिकटून मूत्रपिंडाच्या आकाराचा गठ्ठा झाला असेल, तर ते दक्षिण अमेरिकेतलं गॉसिपियम बार्बाडेन्स. तोही पाहुणाच. घरच्या वातींपुरतं एखादं झाड जरूर ठेवा, पण ते शेतातल्या कापसापासून लांब असू द्या, कारण बारमाही झाडावर बोंडअळीला वर्षभर घर मिळतं.

रान निवडताना पहार घेऊन जा

साताऱ्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. कापूस आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पूर्व पट्ट्यासाठीच आहे. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसात मुळं गुदमरतात आणि बोंडं सडतात, तिकडच्यांनी हा नाद करू नये.

पण पूर्व भागातलंही प्रत्येक रान चालत नाही. या झाडाचं सोटमूळ उगवल्यापासून वरच्या शेंड्यापेक्षा जास्त वेगाने खाली पळतं. भारी जमिनीत ते माणसाच्या उंचीइतकं खोल जाऊ शकतं. कोरड्या किनाऱ्यावर जगायची ही त्याची जुनी युक्ती आहे. त्याला खाली जायला वाट नसेल तर पाऊस ओढ देईल तेव्हा आठवड्यात माना पडतात.

म्हणून एप्रिलमध्ये रानात तीन ठिकाणी खड्डा घ्या. बांधाकडे नको, मधोमध घ्या. पहार आणि फावड्याने दोन हात खाली जा आणि खड्ड्याची भिंत हाताने तपासा. वरची काळी माती किती, कुठे मुरूम लागतो, कुठे चुनखडीचे पांढरे खडे दिसायला लागतात, हे सगळं भिंतीवर स्पष्ट दिसतं. माझ्या एका तुकड्यात वरून सगळं रान सारखंच काळं दिसायचं. खड्डा घेतला तर एका टोकाला कमरेपर्यंत माती आणि दुसऱ्या टोकाला वीतभर मातीखाली कच्चा मुरूम. त्या टोकाला मी आता मटकी करतो. दोन फुटांच्या आत मुरूम लागला तर कोरडवाहू कापूस लावू नका. तीन फूट निचऱ्याची माती असेल तर निर्धास्त लावा.

खड्ड्यातली माती तपासायला द्या. सामू (पीएच) ६ ते ८ च्या दरम्यान असला तर ठीक. थोडी खारवट जमीन कापूस इतर पिकांपेक्षा जास्त सोसतो, पण पाणी साचणारी जमीन मुळीच सोसत नाही. सांगलीकरांना कांचनपूरचं आणि सातारकरांना बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र आहे. खताची मात्रा तिथल्या माणसाला अहवाल दाखवून ठरवा, शेजाऱ्याने टाकलेल्या पोत्यांवरून नको.

बी

बीटी संकरित बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं असतं. अंतर चार फूट बाय दीड फूट धरलं तर एकरी साधारण ७,२०० झाडं बसतात, म्हणजे दहा गुंठ्यांत १,८००. भारी आणि ओलिताच्या रानात याहून मोकळं ठेवावं, हलक्या रानात झाडं जवळ घ्यावीत.

वाण निवडताना जाहिरातीत उत्पादनाचा आकडा बघण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: दिवस किती, आणि पानावर लव किती. आपल्याकडे लवकर संपणारं, १५० ते १६० दिवसांचं वाण बरं. लवेचं असं आहे की हिर्सुटम या शब्दाचा अर्थच केसाळ. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं की बारीक लव लागते. ती दाट असेल तर तुडतुड्याला शिरेपर्यंत सोंड नेता येत नाही. गुळगुळीत पानाच्या वाणावर तुडतुडे तुटून पडतात. मात्र फार दाट लव पांढऱ्या माशीला आवडते, तेव्हा मध्यम लवेचं वाण घ्यावं.

पक्की पावती घ्या, पाकीट आणि थोडं बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तणनाशक मारलं तरी जळत नाही असं सांगून सुटं बी विकणारा भेटला तर त्याला वाट दाखवा. त्या बियाण्याला सरकारची परवानगी नाही, आणि फसलं तर तुमची तक्रार कुणी घेणार नाही. घरी धरलेलं बीटी संकराचं बीही पेरू नका. दुसऱ्या पिढीत झाडं नाना तऱ्हेची निघतात. सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण असेल तर मात्र बी धरता येतं, आणि ज्यांना औषध-खताचा खर्च कमी ठेवायचा आहे त्यांनी सरळ वाणाचा जरूर विचार करावा.

पेरणी

मे महिन्यात ठिबकवर कापूस लावायचा मोह होतो. लावू नका. लवकर लावलेल्या कापसाला लवकर फुलं येतात, आणि मागच्या वर्षीच्या कोषातून निघालेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला आयता पाळणा मिळतो. त्या वेळी गावात फूल मिळालं नाही तर पहिली पिढी उपाशी मरते. मे महिन्यातली घाई एकट्याची असते, पण तिचा त्रास सगळ्या शिवाराला होतो.

मृगाचा एक वळीव पडला म्हणूनही धावू नका. आमच्याकडे मृग फसवतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेली आणि घात, म्हणजे वाफसा, आली की मगच टोकण करा. पंधरा जूनपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ चांगला. पुनर्वसूही कोरडं गेलं तर त्या वर्षी कापूस सोडा आणि बाजरी-तुरीकडे वळा.

रान उन्हाळ्यात खोल नांगरून, कुळवून, शेवटच्या पाळीआधी शेणखत मिसळलेलं असावं. चार फुटांवर दोरीने ओळी आखा. दीड-दोन इंच खोल एकेक बी टोका, वर बारीक माती लोटा, दाबून ठोकू नका. त्याच दिवशी शे-दीडशे बिया ट्रेमध्ये किंवा कागदी कपात लावून ठेवा. आठव्या-दहाव्या दिवशी जिथे नांगे, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, दिसतील तिथे ही रोपं बसवली की रान एकसारखं राहतं. नंतर बी टोकून नांगे भरले तर ते झाड मागे राहतं आणि शेजारच्या झाडांच्या सावलीत वांझ जातं.

दोन ओळींत मूग किंवा उडदाची एक ओळ घ्या. साठ-सत्तर दिवसांत ती निघते, जमीन झाकली जाते, मित्रकीटक येतात. बांधाला चवळी आणि मका बरा. भेंडी मात्र जवळ नको, ती कापसाच्याच कुळातली आहे. तुडतुडे आणि ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर सारखीच येते-जाते.

पहिले दोन महिने

या काळात झाड वर फारसं दिसत नाही, कारण ते खाली काम करत असतं. शेजारची मका कमरेला लागते आणि कापूस वीतभरच असतो. नवा माणूस घाबरून युरिया फेकतो. तसं करू नका. जादा नत्राने पान लुसलुशीत होतं आणि मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळतं. नत्र तीन हप्त्यांत द्या: पेरताना, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. स्फुरद-पालाश पेरणीबरोबरच. तण काढायला दोन कोळपण्या आणि एक खुरपणी लागतेच.

पस्तीस-चाळीस दिवसांनी पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, धरायला लागतात. तेव्हा झाडाजवळ उकिडवे बसा आणि फांद्या बघा. बुडाकडून निघणारी, सरळ वर जाणारी, खोडासारखी जाड फांदी म्हणजे गळफांदी. तिच्यावर थेट पाती लागत नाहीत. आडवी, नागमोडी, प्रत्येक पेऱ्यावर पाते धरणारी ती फळफांदी. अंतर दाट असेल तर या वेळी गळफांद्या कात्रीने काढून टाका. हवा खेळते आणि बोंडं एका वेळी पक्व होतात. मोकळ्या अंतरावर एक-दोन ठेवल्या तरी चालतं. पुढे झाड छातीला लागलं की शेंडा खुडा, नाहीतर त्याचं झुडूपपण जागं होतं आणि ते नुसतं वर जात राहतं.

पात्याचं फूल व्हायला तीन आठवडे, फुलाचं उकललेलं बोंड व्हायला साधारण पन्नास दिवस. हा हिशोब वहीत लिहा. दसऱ्याला उमललेलं फूल कधी वेचायला येईल हे बोटांवर मोजता आलं पाहिजे.

पाती गळतात तेव्हा

सकाळी रानात गेल्यावर ओळीत गळून पडलेली पाती बघून काळजात धस्स होतं. पण निम्म्याहून जास्त पाती-फुलं गळणं हा या झाडाचा स्वभाव आहे. जितकी बोंडं पोसता येतील तितकी ते ठेवतं, बाकीची टाकतं. गळालेलं पाते उचलून बघा. अळीचं भोक नसेल, विष्ठा नसेल, तर ते झाडाने स्वतः टाकलंय. त्यावर टॉनिक मारून पैसे घालवू नका. सलग ढगाळ हवा, पाण्याचा ताण किंवा पाणी साचणं ही गळीची खरी कारणं असतात.

पाणी तीन वेळा चुकवायचं नाही: पाती लागताना, फुलं भरात असताना, बोंडं पोसताना. आपल्या भागात उत्तरा-हस्ताचा पाऊस हीच कामं करून जातो, म्हणूनच इथे कापूस जमतो. पण दीर्घ ओढीनंतर एकदम ढगफुटीसारखा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी सोडलं, की हिरवंगार झाड काही तासांत मान टाकतं. ही आकस्मिक मर. पाणी आधी रानाबाहेर काढा, चर मोकळे करा, बुडाजवळची माती हलवा. म्हणून कालव्याचं पाणी आलं तरी ताण मोडताना हलकं पाणी द्यावं.

दिवाळीच्या सुमाराला रात्री गार झाल्या की पानं कडेकडून लाल पडतात. तो लाल्या. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलेलं असतं, त्यात थंडी. दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २०० ग्रॅम युरिया मिसळून पानं लाल होण्याआधीच दोन फवारण्या करा. एकदा लाल झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.

उसाच्या शेजारी कापूस लावणाऱ्यांसाठी

हे आपल्या जिल्ह्यांपुरतं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ऊस आणि मक्यातल्या रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी मारतात. कापूस त्याला विलक्षण नाजूक आहे. वाऱ्यावर आलेला तुषारही त्याला पुरतो.

दुसऱ्या वर्षी माझा पंप बिघडला म्हणून मी ओळखीतल्या एकाचा पंप आणला, दोनदा पाण्याने विसळला आणि निंबोळी अर्क फवारला. आठवड्याने शेंड्याकडची नवी पानं बघितली तर ती कापसाची वाटेनात. रुंदी गेली होती, बोटं लांब सुतळीसारखी, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या समांतर, कडा आत वळलेल्या. भेंडीच्या कोवळ्या पानासारखं काहीतरी. खालची जुनी पानं मात्र अगदी नीट. मी विषाणूरोग समजून दोन रात्री झोपलो नाही. मग पंप देणाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं, आधीच्या आठवड्यात त्यातूनच उसाला तणनाशक गेलं होतं. चार ओळी महिनाभर मागे पडल्या. झाडं मेली नाहीत, पण पाती धरली नाहीत.

तेव्हा तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर रंगाने खूण करा. कुणाचा मागून आणू नका. आणि कापूस लावण्याआधी वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ऊसवाल्याकडे जाऊन हात जोडून सांगा, "भाऊ, माझा कापूस आहे, वारं असताना मारू नका." द्राक्षबागवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत, कारण त्यांच्या वेलीलाही तोच धोका.

गुलाबी बोंडअळी

बीटीने हिरवी आणि ठिपक्यांची अळी बऱ्यापैकी आवरली. गुलाबी अळीने मात्र त्यावर मात केली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापसाचं तिने मोठं नुकसान केलं. बीटी लावलंय म्हणजे निश्चिंत, हे आता डोक्यातून काढून टाका.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावा, हेक्टरी पाच. दहा गुंठ्यालाही एक हवाच. रोज सकाळी पतंग मोजा आणि वहीत मांडा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली.

फुलं लागली की दर आठवड्याला ओळीतून फिरताना डोमकळी शोधा. ती नीट उमलत नाही. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अलगद उकला, आत जाळीचे बारीक धागे तटतट तुटतात आणि पुंकेसरांच्या पिवळ्या भुकटीत अळी सापडते. लहानपणी ती पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. अशी फुलं वेचून बादलीत टाका आणि जाळा. बोंडं लागल्यावर वीस झाडांवरून एकेक हिरवं बोंड आणा आणि दाबून फोडा. दोन बोंडांत अळी निघाली तर फवारा. बाहेरून भोक दिसायची वाट बघू नका, आत शिरलेल्या अळीचं भोक लगेच बुजतं.

सुरुवात नेहमी निंबोळी अर्काने करा. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबण मिसळा आणि १०० लिटर करा. रस शोषणाऱ्या किडींसाठी पहिले दोन महिने एवढं बहुतेक वेळा पुरतं. पानामागे दोन-तीन तुडतुडे आणि कडा पिवळ्या, असं सगळीकडे दिसलं तरच पुढचं औषध, तेही केंद्रातल्या माणसाला विचारून. दुकानदाराने तीन बाटल्या एकत्र करून दिल्या तर घेऊ नका.

आणि हे मनापासून सांगतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. डोक्याएवढ्या उंच, दाट कापसात शिरून फवारलं की औषध अंगावरच येतं. झाड छातीएवढं ठेवायचं त्यामागे हेही एक कारण आहे. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वारा पाठीमागून, दुपारच्या उन्हात नाही, मध्ये तंबाखू नाही. मजुराला हे सामान तुम्ही द्यायचं, त्याने मागायची वाट बघायची नाही. मळमळ, घाम, बाहुल्या बारीक झाल्या की बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना.

वेचणी

सकाळी दव असतं. ऊन वर येऊन दव उडालं की वेचायला लागा. पूर्ण उकललेलं बोंडच वेचायचं. आमच्या घरी आई पदराची ओटी बांधायची आणि पाचही बोटं एकदम बोंडात घालून सगळ्या पाकळ्या एका ओढीत काढायची, देठाकडचं वाळकं पान हाताला लागूच द्यायची नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या मुळाशी टोचतात. संध्याकाळी तिच्या बोटांना तेल लावायचं काम माझं. वेचणाऱ्या बायकांना पातळ मोजे दिले तर कामही वाढतं आणि हातही वाचतात.

कीडका, पिवळा पडलेला कवडी कापूस वेगळ्या गाठोड्यात ठेवा. चांगल्यात मिसळला तर सगळ्याचाच भाव जातो. साठवायला सुती चादर किंवा सुती गोणी घ्या. प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा रुईत गेला की तो जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करताना, निघत नाही, आणि तयार कापडात डाग म्हणून उठतो. ओल ८ टक्क्यांच्या आत असावी, १२ च्या वर खरेदी केंद्रावर माल नाकारतात. मूठभर सरकी दातांखाली धरा, कटकन फुटली तर कापूस वाळलाय.

विक्रीचं आधी बघा

ही पायरी खरं तर पेरणीच्या आधीची. विट्यात यंत्रमाग आहेत म्हणून कापूस दारात विकला जाईल असं समजू नका, मागाला सूत लागतं, कापूस नाही. आपल्याकडे कापूस थोडा, म्हणून जिनिंगही थोडी. सर्वांत जवळची चालू जिनिंग कुठे आहे ते मे महिन्यात विचारून या. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी भरली तर भाडं परवडतं. ई-पीक पाहणीत कापसाची नोंद वेळेत करा, हमीभावाच्या खरेदीला आणि विम्याला ती लागते. शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी. व्यापारी याच हिशोबाने भाव सांगतो, तुम्हालाही तो यायला हवा.

रान मोकळं करताना

डिसेंबरअखेर कापूस संपवा. झाड तेव्हाही हिरवं असतं, शेंड्याला नवी पाती दिसतात, कालव्याला पाणी असतं, आणि वाटतं दोन पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांचा पुढचा बहर, घ्यावी. मुळातलं बारमाही झुडूप आहे, ते देणारच. पण त्या चार बोंडांवर गुलाबी अळीची शेवटची पिढी वाढते आणि सरकीत दडून पुढच्या पावसाची वाट बघते.

शेवटच्या वेचणीनंतर रानात मेंढरं सोडा. माण-आटपाडी-जतकडे धनगरांचे कळप असतातच. मेंढरं हिरवी बोंडं, पाती, कोवळी पानं अळीसकट खाऊन टाकतात. शेवटची फवारणी कधी केली ते मेंढपाळाला आधी खरं सांगा, आणि औषधाचा अंमल पुरता उतरल्याशिवाय एकही मेंढरू आत घेऊ नका. दोन रात्री कळप बसवला तर लेंडीखत रानातच पडतं, त्याचे पैसे किंवा धान्य आधी ठरवून द्या.

मग पळाट्या, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, मुळासकट उपटा आणि बारीक करून गाडा किंवा कंपोस्टला घाला. सरपणासाठी बांधावर ढीग रचायची जुनी सवय आहे, तिथल्या किडक्या बोंडांत कोष उन्हाळाभर सुखरूप राहतात. सरपण हवंच असेल तर बोंडं झोडून, जाळून मगच काटक्या घरी न्या. त्या दहा गुंठ्यांत पुढच्या जूनला कापूस नको. बाजरी, मूग किंवा सोयाबीन करा, आणि कापसासाठी पहार घेऊन दुसरा तुकडा बघायला लागा.